बाखचा ख्रिसमस रिमिक्स

वरचे लोक ऐकत नाहीत, टीममधले निम्म्याहून जास्त कामाचे नाहीत आणि सीझन तोंडावर! ओळखीचं वाटतंय ना? जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये योहान सेबास्टियन बाखचं हेच चाललं होतं. तिथल्या ल्युथरन सेंट थॉमस चर्चच्या मुलांच्या क्वायरचा तो १७२३पासून प्रमुख. १७३०मध्ये त्याने नगर परिषदेला चक्क लेखी हिशोबच दिला: ५४ मुलांपैकी १७ कामाची, २० अजून तयार नाहीत, १७ निरुपयोगी. (असं अप्रेझल आपल्या वाट्याला न येवो!)

तरीही १७३४च्या नाताळात याच क्वायरच्या मुलांना घेऊन त्याने 'ख्रिसमस ऑरेटोरिओ' उभा केला. २५ डिसेंबर ते ६ जानेवारी, सहा दिवस, सहा भाग. तो कॉन्सर्ट नव्हताच, प्रार्थनेचा भाग होता. आणि त्यातलं बरंच संगीत चक्क आधी वापरलेलं! सुरुवातीला घुमणारे नगारे वर्षभरापूर्वी मारिया योसेफा राणीच्या वाढदिवसाला वाजले होते. शब्द बदलले, सूर तेच. आळस? मला तर हा शहाणपणा वाटतो. राणीच्या वाढदिवसाचं गाणं एकदाच वाजणार, नाताळ दरवर्षी येतो.

बाख १७५०मध्ये गेला आणि हे काम शंभरहून जास्त वर्षं कपाटात पडलं. १८५७मध्ये बर्लिनमध्ये ते पुन्हा गायलं गेलं, आणि मग कॉन्सर्टच झालं.

१२१२ साली सुरू झालेल्या या क्वायरमध्ये आज सुमारे शंभर मुलं आहेत. होस्टेलमध्ये लहानमोठी एकाच खोलीत राहतात. डिसेंबरमध्ये ऑरेटोरिओ ठरलेला. नऊ-दहा वर्षांचा मुलगा त्यात वरच्या पट्टीत गातो. मग आवाज फुटतो, काही महिने गप्प बसावं लागतं आणि तोच मुलगा मागच्या रांगेत बास म्हणून परत येतो.