आपली वंशावळ चळवळीच्या वृत्तपत्रांत आहे!

‘तुमच्या पणजोबांचे नाव काय?’ हा प्रश्न आम्ही धम्म शिबिरांत, बुद्धविहारात आणि आमच्या वकिलीच्या कार्यालयातही अनेकांना विचारतो. बहुतेक बांधव आजोबांपर्यंत येऊन थांबतात. काहींना आजोबांचे नाव माहीत असते, पण गाव सांगता येत नाही. आजीचे माहेरचे नाव तर क्वचितच कोणाला आठवते. यात त्यांचा दोष नाही. पाटील-देशमुखांच्या घरात सनदा होत्या, कुलकर्ण्यांच्या घरात दप्तर होते, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या होत्या. ज्या काळाराम मंदिराच्या दारात आपल्या माणसांना १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह करावा लागला, त्या क्षेत्रातल्या वह्यांत आपल्या आजोबांचे नाव कोण लिहून ठेवणार?

मग आपली वंशावळ कोठेच नाही काय? आहे! ती चळवळीच्या जुन्या वृत्तपत्रांच्या पिवळ्या पडलेल्या पानांत आहे, आणि ती शोधायला आपण फार उशीर करीत आहोत.

प्रस्थापितांच्या वृत्तपत्रांत आपला माणूस आला तरी बहुधा नावाने आला नाही. तो ‘एक महार’, ‘काही अस्पृश्य’ म्हणून आला. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्याचे नाकारले होते, हे आपण सारे जाणतो. ज्या पत्रात आपल्या वृत्तपत्राच्या जाहिरातीला जागा नव्हती, त्यात आपल्या आजोबांच्या नावाला कोठून जागा मिळणार?

अपवाद होते, ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्या पत्राने छापला. सत्यशोधकांच्या ‘दीनबंधू’मधून गोपाळबाबा वलंगकरांनी लिहिले. १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ काढला. नागपूरकडे किसन फागुजी बनसोडे यांनी एकामागून एक पत्रे चालविली. पुढे परमपूज्य बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ सुरू केली आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. या पत्रांतून पहिल्यांदाच आपल्या माणसाचे नाव आदराने, गावासह छापले गेले. सभेचा अध्यक्ष कोण, ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिले, देणगी कोणी पाठविली… सारे नावानिशी! ज्याला गावात कोणी अरे-तुरेशिवाय हाक मारली नाही, त्याच्या नावामागे छापील अक्षरांत ‘रा. रा.’ लागले. ही साधी गोष्ट नव्हती.

आम्ही स्वतःच्या घरापासून सुरुवात केली. आमची आजी सांगायची, ‘तुझे आजोबा महाडला होते.’ महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे अंक एकत्र ग्रंथरूपाने छापले आहेत. तो ग्रंथ घेऊन बसलो. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची वृत्ते ओळ न् ओळ वाचली. आजोबांचे नाव सापडले नाही. मन खट्टू झाले. पण वकिलाचा धंदा एक गोष्ट शिकवितो, की पुरावा सापडला नाही म्हणजे घटना घडली नाही असे होत नाही, आणि घटना घडली असेल म्हणून पुरावा सापडल्याची बतावणीही करायची नसते. महाडला हजारो लोक गेले. छापून आली ती मोजकी नावे. म्हणून आजही आम्ही एवढेच म्हणतो, की आजोबा महाडला होते असे आजी सांगत असे.

काही वर्षांनी एका वयोवृद्ध कार्यकर्त्याच्या घरी ‘जनता’चे जुने अंक चाळत होतो. एका अंकात मुंबईच्या एका चाळीतून आलेल्या देणग्यांची पोच छापली होती. लहान टाइप, लांबलचक यादी. त्यात शेवटी ‘नाक’ असलेले एक नाव, पुढे आमचे गाव, आणि रक्कम चार आणे. आजोबांचे नाव! आजचे आमचे आडनाव तेथे नव्हते; पण वडिलांचे नाव, गाव आणि चाळ तीनही जुळत होती. गिरणीत राबणाऱ्या, अंगठा उठविणाऱ्या माणसाने जे वृत्तपत्र त्याला वाचता येत नव्हते, त्याच्यासाठी चार आणे दिले होते. आमची आजी तेव्हा हयात नव्हती. तिला ते पान दाखवता आले नाही, ही खंत आजही आहे.

समाजबांधवांनो, हा शोध कोणालाही घेता येईल. त्यासाठी पदवी लागत नाही, चिकाटी लागते. अनुभवाने कळलेल्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, आजच्या आडनावावर विसंबू नका. रामनाक, सोननाक, भिकनाक अशी नावे त्या काळी सर्रास होती. पुढे कोणी गावावरून ‘कर’ लावले, कोणी शाळेत मास्तराने लिहिले ते आडनाव धरले, कोणी धर्मांतरानंतर नाव बदलले. एकाच आजोबांचे दोन भाऊ दोन आडनावांनी नांदलेले आम्ही पाहिले आहेत. म्हणून आडनावापेक्षा गाव शोधा. त्यात खिळे हाताने जुळविण्याचा तो काळ. एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेले असायचेच.

दुसरी गोष्ट, जुने जिल्हे लक्षात ठेवा. आजचा रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता; हे नाव १९८१ पर्यंत चालले. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. आजचे जळगाव आणि धुळे तेव्हा पूर्व आणि पश्चिम खानदेश म्हणून छापलेले दिसतील. मराठवाड्याचे गाव असेल तर ते निजामाच्या राज्यात होते, हे विसरू नका.

तिसरी गोष्ट, घरातल्या आठवणीला तारखेची जोड द्या. ‘नाशिकला गेले होते’ म्हणजे २ मार्च १९३० पासूनचे अंक. ‘येवल्याला होते’ म्हणजे १३ ऑक्टोबर १९३५ नंतरचे. गावची दीक्षा म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ नंतरचे ‘प्रबुद्ध भारत’. अग्रलेख तर वाचाच. पण आपले आजोबा अग्रलेखात नसतात. ते सभावृत्तात, पत्रव्यवहारात, देणगीच्या पोचेत आणि निधनवार्तेत असतात. आणि आजीला विसरू नका! महिला परिषदांच्या वृत्तांत आपल्या आज्या-पणज्या बोलताना, ठराव मांडताना दिसतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला, तो अशीच जुनी पाने चाळून आणि वृद्ध मायमाउल्यांच्या दारी जाऊन. त्यांनी ते केले नसते तर कितीतरी नावे कायमची पुसली गेली असती.

हा केवळ अभिमानाचा विषय नाही. यात आपल्या लेकरांचे शिक्षण आणि नोकरी अडकलेली आहे. २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे आपली जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच आहे. अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडून १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्यांना शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसविले, त्यांच्याच नातवाला विचारायचे, आजोबांचा शाळेचा दाखला आण! केवढा हा विरोधाभास!

आमच्याकडे असाच एक विद्यार्थी आला होता. आईवडील बौद्ध, गाव सुटून दोन पिढ्या झालेल्या. सध्याच्या गावी १९५० पूर्वीची एकही नोंद नाही. प्रवेशाची मुदत जवळ आलेली, वडील हवालदिल. बोलता बोलता त्याच्या आत्याने सांगितले, की बाबांचे नाव कधीतरी ‘जनता’त आले होते. शोध घेतला. एका सभावृत्तात नाव मिळाले, पण गाव भलतेच. चौकशी केली तेव्हा कळले, की आजोबा लहानपणी मामाच्या गावी राहात होते. त्या गावच्या प्राथमिक शाळेत गेलो. जुने जनरल रजिस्टर काढायला लावले. नाव, जात, जन्मतारीख, सारे तेथे होते! नंतर तहसीलमधून गाव नमुना १४, म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो, त्यातील जन्माची नोंदही मिळाली. वैधता प्रमाणपत्र मिळाले.

येथे कायद्याची बाजू स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर कोणीतरी वृत्तपत्राचे कात्रण घेऊनच समितीसमोर उभा राहील. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ८१ वृत्तपत्राचा अंक खरा आहे असे गृहीत धरू देत असे. परंतु त्यात छापलेली बातमी खरी आहे, असा त्याचा अर्थ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये लक्ष्मीराज शेट्टी प्रकरणात सांगितले. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व ध्यानात ठेवावे. वृत्तपत्र म्हणजे वाट दाखविणारा दिवा. त्याने दाखविलेल्या वाटेने जाऊन शाळेचे रजिस्टर, कोतवाल बुक, वतनाचे कागद, लष्कराचे पेन्शन बुक गाठायचे असते. पण दिवाच नसेल तर वाट दिसणार कशी?

आणि हे दिवे आपणच विझवीत आहोत! जुना कार्यकर्ता जातो, तेराव्या दिवशी मुले घर आवरतात आणि चाळीस वर्षे जपलेले अंक रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर जपतो, आणि बाबासाहेबांनी काढलेले पत्र किलोच्या भावाने विकतो. याला काय म्हणावे?

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. ज्यांच्या घरी जुने अंक आहेत त्यांनी ते उन्हापासून, वाळवीपासून जपावेत. मोबाईल आज प्रत्येकाच्या हाती आहे. प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो काढावा, त्यावर अंकाची तारीख दिसेल असे पाहावे. प्रत्येक विहाराने एक वही करावी: नाव, गाव, पत्र, तारीख, पान. चार तरुणांनी रविवारचे दोन तास दिले तर वर्षभरात एका तालुक्याची नामावळी उभी राहील. आणि घरात जे वृद्ध आहेत, त्यांच्याशी आजच बोला. कोणत्या अंकात शोधायचे, हे तेच सांगू शकतात.

१९२८ मध्ये बाबासाहेबांनी एका अग्रलेखाला शीर्षक दिले होते, ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ पत्र चालविण्यासाठी रकानेच्या रकाने एकट्याने लिहिणाऱ्या महामानवाने समाजाला विचारलेला तो प्रश्न होता. आमच्या आजोबांनी चार आणे देऊन आपल्या परीने त्याचे उत्तर दिले. त्या चार आण्यांची पोच छापील आहे, पानावर आहे. नातवांनी काय दिले, याची पोच कोठे आहे?

जयभीम!