मुदतीचे पाणी

न खर्चलेली तरतूद ३१ मार्चला रद्द होते, म्हणून मार्चअखेर नको ती खरेदी उरकायची, ही लष्करापासून जिल्हा परिषदेपर्यंतची जुनी खोड. सातारा-सांगलीने तिचे वेगळेच रूप पाहिले. इथे मुदत पाण्याला होती.

बच्छावत लवादाने कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राच्या वाट्याला दिले. ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकेल, पण तोवर वापरात आलेल्या पाण्याला शक्यतो धक्का लागणार नाही, असे त्यात होते. ‘अडवा, नाहीतर गमवा’ हाच अर्थ राज्याने घेतला. १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, कर्जरोखे निघाले, धरणे, कालवे, उपसा योजना एकदमच हाती घेतल्या गेल्या. पैसा विखुरला. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे पाणी आटपाडीच्या शिवारात पोचायला २००० नंतरही अनेक वर्षे गेली. नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांना दुष्काळी तालुके लोटत, ते याच पाण्यासाठी.

तारीख गाठायला दहा कामे काढली की एकही वेळेवर पुरे होत नाही आणि व्याज मात्र थांबत नाही. सरकारने हिशेब द्यावा तो खर्चाचा नव्हे, भिजलेल्या रानाचा.