विश्लेषण : नव्या डिझेल पिकअपचा ‘डीपीएफ’ सारखा चोक का होतो?

एक पिकअप रोज रात्री नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीच्या मार्केटला जाते. दुसरी पुण्याच्या पेठांमध्ये पाण्याचे जार पोहोचवते. समजा, दोन्हींचे मॉडेल एकच आणि इंजिनही तेच. तरी डॅशबोर्डवरचा डीपीएफचा दिवा पहिलीच्या चालकाला क्वचितच दिसेल. दुसरीच्या मालकाला मात्र त्याच दिव्यापायी सर्व्हिस सेंटरचे खेटे घालावे लागू शकतात. ‘बीएस-६ गाड्यांचा फिल्टरच बोगस’ ही तक्रार बहुतेकदा या दुसऱ्या प्रकारच्या मालकांकडून येते.

फिल्टर आला कशासाठी?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले. बीएस-४ नंतर थेट बीएस-६, मधला टप्पा वगळून. डिझेल कारसाठी सूक्ष्मकणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली आणि हलक्या मालवाहनांचे निकषही तसेच कडक झाले. नुसत्या इंजिनातल्या सुधारणांनी हे जमणारे नव्हते. म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, बसला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या सिरॅमिकच्या नळ्या असतात. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच जावे लागते आणि काजळी आत अडकते.

अडकलेल्या काजळीचे काय होते?

ती आतच जाळायची असते. याला रीजनरेशन म्हणतात. हायवेवर भरलेली गाडी एका लयीत धावत असेल, तर एक्झॉस्टच्या उष्णतेनेच बरीच काजळी जळते. उरलेल्या काजळीसाठी गाडीचा कॉम्प्युटर जादा डिझेल फवारून फिल्टरचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो. हे काम साधारण १५-२० मिनिटे सलग चालावे लागते. जारवाली पिकअप मात्र दर पाच मिनिटांनी थांबते, इंजिन बंद होते आणि रीजनरेशन अर्धवट राहते. असे वारंवार झाले की काजळी साचत जाते. शिवाय न जळलेले डिझेल सिलिंडरच्या कडेने इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर खूश होऊ नये; ऑइल पातळ झाले आहे.

दिवा पेटल्यावर इंजिन बंद न करता मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवत राहावी. किती वेळ आणि कोणत्या वेगाने, हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. काही मालवाहनांत उभ्या गाडीत रीजनरेशन करण्याचे बटणही असते. दुर्लक्ष केले तर गाडीची ताकद तोडली जाते आणि भरल्या मालासह ती घाटात ओढेनाशी होते. ज्याचा हप्ता रोजच्या भाड्यावर चालतो, त्याचा दिवस तिथेच बुडतो. गाडी विकताना ‘फेऱ्या गावातल्या की हायवेच्या?’ एवढा प्रश्न शोरूमने विचारला, तर यातले बरेच टळेल.

दोष नेहमी चालवण्याचाच?

नाही. गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह किंवा ऑइल सोडणारा टर्बो जास्त काजळी करतो आणि भोगतो फिल्टर. कधी दाब मोजणाऱ्या सेन्सरची नळीच फुटलेली असते. अशा वेळी स्कॅनर लावून सक्तीने रीजनरेशन करून दिले, तरी दिवा पुन्हा पेटणारच. राखेचा मुद्दा वेगळा. इंजिन ऑइलमधून येणारी राख जळत नाही, ती फिल्टर उतरवून साफ करावी लागते. त्यामुळे कंपनीने सांगितलेले कमी राखेचे ऑइल सोडून स्वस्तातले ऑइल टाकणे महागात पडते.

फिल्टर काढून टाकला तर?

काही गॅरेजमध्ये आतला सिरॅमिक फोडून सॉफ्टवेअर बदलून देतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत असा बदल करता येत नाही आणि वॉरंटीवरही पाणी सोडावे लागते. मात्र पीयूसीमध्ये डिझेल गाडीच्या धुराचा गडदपणा मोजतात, सूक्ष्मकण मोजत नाहीत. त्यामुळे अशी गाडी निसटू शकते. बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२२-२३ मध्ये नियमित तपासणीत कणांची मोजणी सुरू केली, ती याच पळवाटेमुळे.

सेकंडहँड बीएस-६ पिकअप घेणाऱ्याला एक साधी चाचणी करता येते. थंड सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहावे. फिल्टर शाबूत असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघते. काळीभोर काजळी लागली, तर व्यवहार करण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून घ्यावी.