मोटारीचा दिवा मध्येच का विझतो?

गावात कुणाकडे जुनी जीप असते, कुणाकडे जुनी अँबॅसडर. अँबॅसडर गाडी तयार होणे २०१४ साली थांबले; पण जुन्या गाड्या अजून कुठे कुठे चालतात. अशा गाडीला रात्री-अपरात्री काम पडते. घरात कुणी आजारी असते, कुणी अडलेली बाई असते. तालुक्याचा दवाखाना गाठायचा असतो. आणि नेमका तेव्हाच पुढचा दिवा मिचमिच करू लागतो. खड्ड्यात चाक आपटले की विझतो. थोडे पुढे गेले की पुन्हा लागतो.

"लागला बघ! चला पुढं," असे म्हणून लोक निघतात. पण दिवा आपोआप लागला, म्हणजे तो दुरुस्त झाला असे नव्हे. हिवतापाचा ताप उतरला की माणूस उठून बसतो. पण रोग अंगातच असतो. दिव्याचेही तसेच आहे. खोड शोधून काढलीच पाहिजे. ती बहुतेक वेळा लहानशी असते. कुठला तरी जोड ढिला झालेला असतो, नाहीतर गंजलेला असतो.

विजेची वाट

पाटाचे पाणी शेतात मुरले की त्याचे काम झाले. विजेचे तसे नसते. ती बॅटरीतून निघते आणि तिला बॅटरीकडेच परत यावे लागते. जाताना ती तारेने जाते. वाटेत दिव्याचे बटण लागते. मग डिपर लागतो. मग ती बल्बमध्ये पोचते. परत येताना ती गाडीच्या लोखंडातून येते. या परतीच्या वाटेला कारागीर 'अर्थ' म्हणतात. जाण्याची वाट तुटली तरी दिवा विझतो, आणि परतीची तुटली तरी विझतो. पुष्कळ लोक जाण्याची वाट तपासतात आणि परतीची विसरतात.

घरातला ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब आणि गाडीतला ६० वॅटचा बल्ब सारखेच वाटतात. पण घरात विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. गाडीच्या बॅटरीचा दाब फक्त १२ व्होल्ट. म्हणून घरच्या बल्बला सुमारे पाव अँपियर वीज पुरते, तर गाडीच्या एका बल्बला ५ अँपियर लागते. दोन बल्बना १० अँपियर. एवढी वीज गंजलेल्या जोडातून जाताना अडते. जोड तापतो. त्यातच १ व्होल्ट खर्च झाला, तर दिव्याचा उजेड सुमारे पाव हिश्शाने कमी होतो. जोड फारच तापला तर दिवा जातो. निवला की पुन्हा येतो.

आधी नीट पाहा

हत्यार हातात घेण्याआधी दिवा कसा विझतो ते पाहा. त्यावरून निम्मे उत्तर मिळते.

१. एकच दिवा विझतो का? मग त्याच दिव्याचा बल्ब, होल्डर किंवा अर्थ पाहा. दोन्ही बाजूंचे बल्ब अदलाबदल करा. खोड बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेली, तर बल्ब बदला.

२. पुढचे दोन्ही दिवे एकदम जातात, पण मागचा लाल दिवा चालू राहतो का? मग बटण, डिपर आणि फ्यूजची पकड तपासा. जळलेला फ्यूज पुन्हा लागत नाही. पण पकडीत ढिला बसलेला फ्यूज दिवा लावतो आणि विझवतो.

३. गाडीतली सगळीच वीज जाते का? मग बॅटरीची दोन्ही टोके आवळलेली आहेत का ते पाहा.

४. इंजिन जोरात फिरले की उजेड वाढतो आणि मंद झाले की फार घटतो का? मग बॅटरी, डायनेमो आणि त्याचा पट्टा तपासून घ्या.

अर्थ तपासण्याची युक्ती

हे काम दिवसा करा. गाडी भिंतीसमोर सावलीत उभी करा. इंजिन बंद ठेवा, दिवे लावा. एकाने भिंतीवरचा उजेड पाहावा. दुसऱ्याने दिव्यामागच्या तारा आणि जोड एकेक करून हलवावेत. जिथे हात लागताच उजेड जातो, तिथेच खोड आहे.

दिवा विझला की तो तसाच विझलेला राहू द्या. आता दोन्ही टोके सोललेली एक लांब तार घ्या. बॅटरीच्या एका टोकाची जाड पट्टी गाडीच्या लोखंडाला आवळलेली असते. तारेचे एक टोक बॅटरीच्या त्याच टोकाला जोडा. दुसऱ्या टोकाला ही तार कधीही लावू नका. तारेचे मोकळे टोक दिव्याच्या अर्थच्या तारेला टेकवा. दिवा लागला? मग परतीची वाटच बिघडली आहे. दिवा लागला नाही, तर जाण्याची वाट तपासा.

दुरुस्ती कशी करावी

प्रथम बॅटरीची अर्थची पट्टी सोडवा. म्हणजे पान्याची ठिणगी उडणार नाही. बॅटरीजवळ विडी ओढू नका. तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो. अर्थचा स्क्रू काढा. तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा. लोखंड चकचकीत दिसले पाहिजे. मग स्क्रू घट्ट आवळा आणि वरून थोडे व्हॅसलीन लावा, म्हणजे पाणी शिरणार नाही.

दोन गोष्टी मात्र करू नका. फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळू नका. तारा पेटून गाडी जळेल. उजेड कमी पडतो म्हणून १०० वॅटचे बल्ब बसवू नका. जुने बटण आणि जुन्या तारा एवढी वीज सोसत नाहीत.

वाटेत दिवा गेला तर

एकदम करकचून ब्रेक दाबू नका. वेग कमी करा. डिपर बदलून पाहा. कधी कधी दुसरा उजेड लागतो. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला, खाली उतरवून उभी करा. बाजूचे मिचमिचणारे दिवे चालू ठेवा. चांदण्यात दिसतेय म्हणून तशीच गाडी हाकू नका. पुढे कंदील नसलेली बैलगाडी असेल. पायी चाललेली माणसे असतील. तुम्हांला ती दिसणार नाहीत, आणि त्यांना तुम्ही दिसणार नाही.

स्क्रू घासून आवळायला अर्धा तास लागतो. तो दिवसाउजेडी काढावा.

सांगा पाहू

१. वीज बॅटरीकडे कोणत्या वाटेने परत येते?
२. एकच दिवा विझत असेल, तर आधी काय तपासाल?
३. फ्यूजच्या जागी जाड तार का लावू नये?