समाधानी रुग्ण म्हणजे सुरक्षित रुग्ण?

गैरसमज : फीडबॅक फॉर्मवर चांगले गुण पडले, म्हणजे रुग्ण स्वतःच्या सुरक्षिततेत सहभागी झाला.

वस्तुस्थिती : हा फॉर्म भरला कधी जातो ते आधी पाहा. डिस्चार्जचा दिवस, बिलिंगची खिडकी, इन्शुरन्सची मंजुरी अजून आलेली नाही, आणि नातेवाइकाच्या हातात कागद येतो. जेवण कसे होते? स्वच्छता? कर्मचाऱ्यांची वागणूक? पेशंट अजून वरच्या मजल्यावर असताना वाईट शेरा मारणार कोण? भराभर ‘उत्तम’वर खुणा होतात आणि पुढच्या बैठकीत तोच आकडा ‘रुग्ण-सहभाग’ म्हणून मिरवला जातो. चहा गरम होता हे कळले. इंजेक्शन योग्य माणसाला दिले का, हे कुठे कळले?

समाधान हे मत आहे, सहभाग ही कृती आहे. कृती मोजायची तर प्रश्नही कृतीचेच हवेत. एक साधे उदाहरण घ्या. औषध देण्याआधी सिस्टरने “पाटीलकाका ना?” असे विचारले, तर गुंगीतले कुलकर्णीकाकाही “हो” म्हणतील. “तुमचं पूर्ण नाव सांगा” असे विचारून ते मनगटपट्टीशी ताडले, तर रुग्ण खरोखर तपासणीचा भाग होतो. म्हणून रुग्णाला विचारायचे ते असे : औषध देताना तुम्हाला नाव सांगायला लावले का? गोळी कशासाठी आहे हे कळले का? काही वेगळे वाटले तेव्हा बोललात का, आणि बोलल्यावर पुढे काय झाले?

अशी साधने आहेत. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या संशोधकांनी रुग्णांकडूनच वॉर्डाची सुरक्षितता जोखणारी प्रश्नावली तयार केली. मात्र तिचे निष्कर्ष वॉर्डांना कळवून सुधारणा होते का, हे ३३ वॉर्डांत तपासले, तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे चांगली मोजपट्टीसुद्धा नुसती असून भागत नाही. उत्तरे वाचून वॉर्डाची कामाची पद्धत बदलावी लागते, आणि त्यासाठी माणसे व वेळ द्यावा लागतो.

गैरसमज : रुग्णाला त्यातले काय कळते?

वस्तुस्थिती : अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील ९९८ रुग्णांच्या अभ्यासात (२००८) मुलाखतींमधून २३ टक्के रुग्णांच्या बाबतीत उपचारादरम्यान किमान एक अपाय झाल्याचे आढळले, केसपेपर तपासून ११ टक्क्यांच्याच बाबतीत. कागदावर न आलेले बरेच काही रुग्णाच्या लक्षात असते.

गैरसमज : प्रश्न विचारला की डॉक्टर चिडतात, म्हणून लोक विचारतच नाहीत.

वस्तुस्थिती : काही चिडतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण ब्रिटनमधील एका अभ्यासात (२००८) डॉक्टरांनीच “विचारा” असे सांगितले, तर “हात धुतलेत का?” यासारखे अवघड प्रश्न विचारण्याची रुग्णांची तयारी वाढत असल्याचे दिसले. पहिले पाऊल डॉक्टरांनीच टाकायचे आहे.

गैरसमज : एकही तक्रार नाही, म्हणजे सगळे आलबेल.

वस्तुस्थिती : बहुतेकदा एवढेच, की तक्रार कुणाकडे करायची हे माहीत नाही.

गैरसमज : सहभाग म्हणजे चुकीची जबाबदारी रुग्णावर ढकलणे.

वस्तुस्थिती : मुळीच नाही. बेशुद्ध रुग्णाने कोणाला प्रश्न विचारावा? सुरक्षिततेची जबाबदारी रुग्णालयाचीच. रुग्ण हा जादा डोळा.

गैरसमज : ही परदेशी थेरं आहेत.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटना १७ सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन पाळते; २०२३ मध्ये त्याचा विषयच रुग्णांचा सहभाग होता. भारताच्या आरोग्य मंत्रालयाचा रुग्ण-सुरक्षा आराखडाही २०१८ मध्येच आला.

तेव्हा फॉर्म ठेवा, जेवणाचाही प्रश्न राहू द्या. फक्त त्या बेरजेला सुरक्षितता म्हणू नका. आणि प्रश्न विचारायचेच असतील तर डिस्चार्जच्या आधी, खाटेपाशी जाऊन, बिलाशी संबंध नसलेल्या माणसाने विचारावेत.