मनाचा वैद्य पुन्हा वर्गात

व्यापारी कुटुंबाचा हिशेब तपासणाऱ्या साठीच्या आतील सनदी लेखापालास स्वतःचा व्यवसाय चालू ठेवावयाचा असेल, तर तीन वर्षांत १२० तासांचे व्यावसायिक शिक्षण घ्यावे लागते. कराचा कायदा बदलला, विवरणपत्राचा नमुना बदलला, की लेखापाल महाशय सभागृहात वही उघडून बसतात. यात कोणास नवल वाटत नाही. उलट दहा वर्षांपूर्वीच्या कायद्यावर विसंबून राहणाऱ्या लेखापालाकडे पेढीची कागदपत्रे सोपविण्यास कोणी धजणार नाही. परंतु त्याच घरातील लेक सासरहून परतून अबोल झाली, धंद्यात खोट आल्यावर धाकट्या भावाची झोप उडाली किंवा परीक्षेच्या धास्तीने नातवाने अन्न टाकले, तर ज्या समुपदेशकाचे दार कुटुंब ठोठावते, त्याने स्वतः शेवटचे शिक्षण केव्हा घेतले, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

मुळात ते दार ठोठावले जाते, हेच विशेष. आपल्या पेठेत कोणी पाहील या भीतीने दुसऱ्या शहरातील दवाखाना शोधणारी कुटुंबे कमी नाहीत; स्थळे पाहण्याचे दिवस असले तर तेवढेही होत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे आढळले होते. इतका संकोच ओलांडून जो माणूस समोर येऊन बसतो, त्याला मिळणारी पहिली मदत चुकीची ठरली, तर तो दुसऱ्यांदा येईलच असे नाही.

या क्षेत्रातील शिक्षणाची सक्ती सर्वांना सारखी नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि तिच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १०० गुण मिळवावे लागतात. हे गुण परिषदेने मान्य केलेल्या कार्यशाळा, परिसंवाद व अभ्यासवर्ग यांतून मिळतात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असल्याने महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार त्यास पाच वर्षांत ३० श्रेयांक जमवावे लागतात. येथपर्यंत व्यवस्था समजण्यासारखी आहे. परंतु शाळेतील समुपदेशक, कुटुंब न्यायालयाच्या परिसरात काम करणारा विवाह समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्रातील समाजकार्यकर्ता, इस्पितळातील वैद्यकीय समाजसेवक यांच्यापैकी बहुतेकांना असे बंधन नाही. त्यांतील अनेकांची पदवी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची असते आणि तिच्यावर मुदतीची तारीख छापलेली नसते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने समुपदेशक आणि वैद्यकीय व मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्ते यांना नोंदणीच्या कक्षेत आणले खरे. अंमलबजावणीची गती मात्र सरकारी आहे.

मनाचे शास्त्र एकदा शिकले की पुरते, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. औषधे बदलतात हे त्यांस मान्य असते. पण धीर देणे, बोलते करणे, समजूत काढणे यांत नवे काय असणार, असे त्यांस वाटते. बदलले ते नेमके तेथेच.

अपघात, आग, भूकंप यांतून वाचलेल्या माणसास लवकरात लवकर बोलते करावे, घडलेला प्रसंग त्याच्याकडून क्रमवार वदवून घ्यावा, म्हणजे मन मोकळे होऊन पुढील विकार टळतो, अशी एक पद्धत गेल्या शतकाच्या अखेरीस सर्वत्र रूढ होती. अमेरिकेत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये ती मांडली, ती मुळात अग्निशमन व रुग्णवाहिकेवरील कर्मचाऱ्यांच्या गटांसाठी. पुढे ती थेट पीडितांवर, एकेकट्यावर आणि एकाच बैठकीत वापरली जाऊ लागली. पद्धत पटण्याजोगी होती, हेतू निर्मळ होता, आणि हजारो कार्यकर्ते ती शिकले. मग कोणीतरी मोजले. वेल्समधील कार्डिफ येथे भाजलेल्या रुग्णांवर झालेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी बैठक मिळालेल्यांपैकी २६ टक्के रुग्णांत तेरा महिन्यांनंतर आघातोत्तर विकार दिसला. ज्यांना बैठक मिळाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ९ टक्के होते. बैठक मिळालेल्या गटातील आघात मुळातच काहीसा तीव्र होता, हे येथे सांगितले पाहिजे. परंतु इतर चाचण्याही एकत्र तपासल्यावर कॉक्रेनच्या २००२ मधील आढाव्याने निष्कर्ष काढला की अशा एका बैठकीने विकार टळत नाही आणि ती सक्तीने घेणे थांबवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिचा सूर अगदी निराळा आहे. आधी परिस्थिती व गरज पाहावी, माणूस बोलेल तेवढेच ऐकावे, आणि त्याला पाणी, निवारा, नातलग, दवाखाना यांच्याशी जोडून द्यावे. प्रसंग वदवून घेण्याचा आग्रह धरू नये.

आता जो कार्यकर्ता १९९५ साली जुनी पद्धत मनोभावे शिकला आणि नंतर कोणत्याही वर्गात बसला नाही, तो आजही एखाद्या अपघातानंतर तशाच तळमळीने घरी येईल आणि नकोसा प्रसंग उकरून काढील. त्याच्या सद्‌भावनेत तसूभर उणीव नाही, म्हणूनच तो थांबतही नाही.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. जीव देण्याचे विचार बोलून दाखविणाऱ्याकडून "मी असे काही करणार नाही" असे वचन, कधी लेखी, घेण्याची चाल समुपदेशकांतही दीर्घकाळ होती. नियम घेणे व पाळणे ज्या समाजात रोजच्या जीवनाचा भाग आहे, त्यास ही रीत चटकन पटते. घरातील वडीलधारी मंडळी तर प्रथम शपथच घालतात. परंतु अशा वचनाने जीव वाचतो, याचा पुरावा मिळाला नाही. उलट, विचार पुन्हा उसळले की वचन मोडल्याच्या लाजेने माणूस ते बोलेनासा होतो. आणि वचन घेणारा निर्धास्त होतो, ते वेगळेच. त्याऐवजी बार्बरा स्टॅन्ली व ग्रेगरी ब्राउन यांनी सुरक्षा आराखड्याची पद्धत घडविली. धोक्याची चाहूल कशी लागते, त्या वेळी स्वतःला कसे सावरता येते, कोठे व कोणाजवळ गेल्याने मन दुसरीकडे वळते, उघडपणे मदत कोणाकडे मागता येईल, कोणत्या तज्ज्ञाचा दूरध्वनी जवळ ठेवावयाचा आणि घरातील धोक्याच्या वस्तू कोण दूर करणार, हे त्या व्यक्तीने समुपदेशकासमवेत बसून स्वतःच्या शब्दांत कागदावर लिहावयाचे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या इस्पितळांत १,६४० रुग्णांची तुलना करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा आराखडा व त्यानंतर नियमित दूरध्वनी मिळालेल्यांत पुढील सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी आढळले. (ज्या घरात आज असा प्रसंग आहे, त्यांनी हा लेख संपण्याची वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.)

कायदाही बदलला. आत्महत्येचा प्रयत्न हा जुन्या दंडसंहितेच्या ३०९ कलमाखाली गुन्हा होता. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ११५ व्या कलमाने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्यास सांगितले आणि तिच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुने कलमच उरले नाही. ज्याचे ज्ञान २०१७ पाशी थांबले आहे, असा सल्लागार कुटुंबास आजही पोलिसांची भीती घालू शकतो. आणि भ्यालेले कुटुंब इस्पितळातही खरे कारण लपविते.

ही जुनी पाठांतरे पुसून नवी रीत हातात बसवावी, यासाठी कार्यशाळा असतात. मुंबईत १९३६ पासून समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटा समाजविज्ञान संस्था, बंगळूरची निम्हान्स, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, ही महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांच्या परिचयाची प्रशिक्षणस्थाने आहेत. चांगल्या कार्यशाळेत व्याख्यान थोडे आणि सराव अधिक असतो. तिघांचा गट होतो; एकजण समुपदेशक, दुसरा अडचणीतील माणूस, तिसरा केवळ निरीक्षक. वीस मिनिटांनंतर निरीक्षक सांगतो की समोरचा गप्प झाला तेव्हा समुपदेशकाने तीन वेळा घाईने उपदेश केला. पन्नाशीतील, नावाजलेल्या व्यक्तीस हे तरुण सहकाऱ्याच्या तोंडून ऐकणे जड जाते. ज्येष्ठ मंडळी उद्घाटनास येतात व सरावाच्या वेळी त्यांना दुसरे काम निघते, याचे एक कारण हे असावे.

तथापि कार्यशाळेचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे कौशल्य आले, असे समजणे भाबडेपणाचे होईल. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात 'प्रेरणादायी संवाद' ही पद्धत घडविणारे विल्यम मिलर यांनी स्वतःच्याच कार्यशाळांची परीक्षा घेतली. शिकविणाऱ्याने स्वतःची अशी तपासणी करावी, ही गोष्ट दुर्मीळ व आदरास पात्र आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत शिबिरार्थींनी प्रश्नावलीत आपली प्रगती भरघोस नोंदविली; त्यांच्या प्रत्यक्ष संवादाच्या ध्वनिफिती ऐकल्यावर मात्र फरक बेताचाच निघाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १४० व्यावसायिकांचे गट पाडले. काहींना केवळ दोन दिवसांची कार्यशाळा मिळाली, काहींना त्यानंतर स्वतःच्या ध्वनिफितीवर अभिप्राय मिळाला, काहींना दूरध्वनीवरून मार्गदर्शन, काहींना दोन्ही. केवळ कार्यशाळा मिळालेल्यांचे कौशल्य चार महिन्यांत ओसरू लागले. अभिप्राय वा मार्गदर्शन मिळालेल्यांचे टिकले. आणि समोर बसलेल्या व्यसनी माणसाच्या बोलण्यात बदलाची भाषा लक्षणीय वाढली, ती दोन्ही मिळालेल्या गटातच.

अर्थात गुणांची बेरीज आणि शिक्षण या दोन वेगळ्या बाबी आहेत. पाच वर्षांचे गुण अखेरच्या सहा महिन्यांत घाईने गोळा करता येतात, सभागृहात मागच्या रांगेत बसूनही मिळतात. मार्चअखेरीस कर्जांचे कागद नीट लावणाऱ्या शाखांची आठवण यावी, असा हा प्रकार.

खर्चाचा प्रश्न अवघड आहे. शहरातील खाजगी व्यावसायिक शुल्क भरू शकतो. आदिवासी तालुक्यात अल्प मानधनावर राबणाऱ्या कार्यकर्तीस दोन दिवस पुण्यास जावयाचे म्हणजे प्रवास, मुक्काम व बुडालेले काम, असा तिहेरी भार पडतो. यावर एक उपाय निघाला आहे. न्यू मेक्सिकोतील भारतीय वंशाचे डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस सी या यकृताच्या रोगासाठी 'एको' नावाची योजना सुरू केली. खेड्यातील डॉक्टरांनी दर आठवड्यास पडद्यावर एकत्र यावे, आपापल्या रुग्णाची अडचण नाव न सांगता मांडावी आणि तज्ज्ञांसह सर्वांनी ती सोडवावी. खेड्यातील डॉक्टरांचे उपचार विद्यापीठाच्या दवाखान्याइतकेच यशस्वी ठरल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. निम्हान्सने हीच पद्धत मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीच्या प्रशिक्षणासाठी स्वीकारली. येथे कार्यकर्ता आपले गाव सोडत नाही आणि शिक्षण दोन दिवसांत संपतही नाही.

समुपदेशकाकडे जाणाऱ्या कुटुंबाने चार गोष्टी संकोच न करता विचाराव्यात: नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे, तिची मुदत कधीपर्यंत आहे, अलीकडे कोणते प्रशिक्षण घेतले, आणि अवघड प्रकरणी ते कोणा ज्येष्ठाचा सल्ला घेतात काय. चांगला व्यावसायिक या प्रश्नांनी रागावत नाही. चौथ्या प्रश्नाचे उत्तर "मला कोणाला विचारण्याची गरज पडत नाही" असे आले, तर भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे असोत, दुसरा पत्ता शोधलेला बरा.

समाजातील देणगीदार इस्पितळास खाटा देतात, यंत्रे देतात, वसतिगृहे बांधतात. कार्यशाळेसाठी संस्थांनी सभागृह मागितले तर तेही सहसा मिळते, भोजनाचीही व्यवस्था होते. परंतु या कामास मोठे सभागृह, ध्वनिक्षेपक आणि उद्घाटनाची फीत यांतील काहीच लागत नाही. पंचवीस माणसांपुरती, दार लावून घेता येईल अशी खोली पुरते. कार्यशाळा संपल्यावर वर्षभर पंधरवड्याला एक बैठक घेणाऱ्या ज्येष्ठ मार्गदर्शकाचे मानधन आणि तालुक्याच्या गावांहून येणाऱ्यांचे एसटीचे भाडे, हा खरा खर्च. त्यावर संगमरवरी पाटी बसविण्यास जागा नसते, म्हणून संस्थांच्या अंदाजपत्रकात प्रथम कात्री लागते ती याच रकान्याला.