काळबादेवीचे भुयारी स्थानक आणि कापडबाजार

पडघा-भिवंडीच्या कापड व्यापाऱ्याला काळबादेवी नवी नाही. मुळजी जेठा आणि मंगळदास मार्केटच्या भावावर आपल्या यंत्रमागांचा हिशेब चालत आला आहे. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली. काळबादेवीला स्थानक मिळण्यास मात्र 172 वर्षे लागली. आरे ते कफ परेड या 33.5 किलोमीटर मेट्रो-3 च्या अखेरच्या टप्प्याचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले.

येथे रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंस जुन्या चाळी. म्हणून सबंध रस्ता न उकरता जमिनीखाली आडवे खोदकाम झाले. थोडे खोदायचे, लगेच काँक्रीटचा थर फवारायचा. तरीही काही इमारती पाडाव्या लागल्या. तेथील लोकांना त्याच परिसरात जागा देण्याचे ठरले. हे महत्त्वाचे, कारण दुकानदाराची पुंजी माल नव्हे, ठिकाण असते. ठिकाण सुटले की गिऱ्हाईक सुटते.

गाठी टेम्पोनेच जाणार. सोय झाली ती नमुने घेऊन फिरणाऱ्यांची. आता ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे काम सुरू असून भिवंडीतील काही भाग भुयारी करण्याचे ठरले आहे. मार्गालगतच्या दुकानदारांनी भाडेपावत्या, परवाने आजच नीट लावून ठेवावेत. मोबदल्याच्या वेळी तोंडी शब्द नव्हे, कागद बोलतो.